शिखराची भूल

माझ्या टेबलाच्या खणात क्वार्ट्झची एक निकामी नळी पडून आहे. हॅलोजन हीटरची. तिच्या मधोमध एक दुधाळ डाग आहे, आणि नळी उजेडासमोर तिरकी धरली की त्या डागात अंगठ्याच्या रेषा दिसतात. अंगठा माझाच. बसवताना हातमोजे घातले नव्हते, नंतर अल्कोहोलच्या फडक्याने पुसलीही नव्हती. घामातलं मीठ काचेवर राहिलं, नळी तापली, आणि सोडियमने त्या जागच्या काचेचे हळूहळू स्फटिक करून टाकले. पारदर्शक काच पांढुरकी झाली ती कायमचीच. नळी टाकून द्यावी असं दर वर्षी खण आवरताना वाटतं आणि दर वर्षी ती परत जागेवर जाते.

माझं काम तापवण्याचं. वस्तू वितळवायची नाही, जाळायची नाही, फक्त तापवायची: मऊ होईपर्यंत, वाळेपर्यंत, रंग पक्का होईपर्यंत. गरम हवेची भट्टी हे काम करतेच, पण निवांत. अवरक्त (इन्फ्रारेड) किरण, लाल रंगाच्या पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे, ते झटपट करतात, कारण त्यांना मधल्या हवेला तापवत बसावं लागत नाही. फक्त एक प्रश्न आधी सोडवावा लागतो. किरण कुठल्या तरंगलांबीचे?

बाजारात दिव्यांची तीन घराणी मिळतात. शॉर्टवेव्ह म्हणजे टंगस्टनच्या तारेचे हॅलोजन दिवे. तार २,२०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि किरणांचं शिखर, म्हणजे ते ज्या तरंगलांबीला सगळ्यांत जोरदार असतात ती जागा, १.२ मायक्रॉनच्या जवळ येतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मीडियमवेव्हच्या तारा ८०० ते ९५० अंशांना लालबुंद होतात, शिखर अडीच मायक्रॉनच्या आसपास. आणि लाँगवेव्ह म्हणजे सिरॅमिकचे हीटर, ३०० ते ७०० अंशांचे. अंधारातसुद्धा कसेबसे दिसतात, पण हात जवळ नेला की लगेच मागे घ्यावा लागतो. शिखर कुठे येणार याचा हिशोब शाळकरी आहे: २,८९८ ला केल्विनमधल्या तापमानाने (सेल्सिअस अधिक २७३) भागायचं, उत्तर मायक्रॉनमध्ये. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म वीनने १८९३ मध्ये हा नियम मांडला आणि तेव्हापासून माझ्यासारख्यांची सोय झाली. सोय झाली म्हणजे फसायची सोय झाली.

कारण पुढची पायरी इतकी सरळ दिसते की तिथे थांबून विचार करावासा वाटत नाही. प्रत्येक पदार्थाचा शोषणाचा आलेख असतो. पाण्याचं सगळ्यांत उंच शिखर २.९ मायक्रॉनला. प्लॅस्टिकमधला कार्बन-हायड्रोजन बंध ३.४ ला. मग दिव्याचं शिखर पदार्थाच्या शिखरावर आणून ठेवायचं, झालं. कॅटलॉगही हेच सांगतात. मीही हेच केलं.

नोकरीतली सुरुवातीची वर्षं. काम होतं ६ मिलिमीटर जाडीची पॉलिप्रॉपिलिन नावाच्या प्लॅस्टिकची शीट तापवून साच्यावर ओढायचं. शीट नैसर्गिक रंगाची, दुधी. ३.४ मायक्रॉनचं शिखर हवं तर दिवा किती अंशांचा? ८५३ केल्विन, म्हणजे ५८० अंश सेल्सिअस. सिरॅमिकचे हीटर नेमके त्याच पट्ट्यात बसतात. वर एक फळी, खाली एक फळी, मध्ये शीट. मी वहीत दोन आलेख एकावर एक काढले होते आणि दोन्ही शिखरं एकाच उभ्या रेषेवर आली होती. ते पान मला इतकं आवडलं होतं की मी ते साहेबांना दाखवायला घेऊन गेले.

पहिल्या दिवशी शीटच्या पृष्ठभागावरून धूर यायला लागला. वेळ कमी केली तर धूर थांबला, पण साच्यावर ओढताना शीट कोपऱ्यात फाटली. वेळ वाढवली की धूर, कमी केली की फाटणं. मधली जागा सापडेना. दोन दिवस मी टायमरशी झटापट करत होते. तिसऱ्या दिवशी लाइनवरचे काका म्हणाले, "मॅडम, वरून काय बघताय? खाली बसा. कडेनं बघा."

मी उकिडवी बसले. काकांनी शीटच्या मागून टॉर्च धरली. पॉलिप्रॉपिलिन वितळायला लागलं की दुधी रंग सोडून काचेसारखं स्वच्छ होतं, ते आम्ही वरून रोज बघतच होतो. 'काच झाली' म्हणजे शीट तयार, अशी लाइनवरची खूण. पण कडेने पाहिलं तर वरचा थर काच, खालचा थर काच, आणि दोन्हींच्या मधोमध खडूने ओढावी तशी पांढरी रेघ. आतलं प्लॅस्टिक अजून घट्टच होतं. वरून मऊ आणि आत लाकूड. असं काही ओढलं तर ते फाटणार नाही तर काय.

त्या पांढऱ्या रेघेने माझ्या वहीतलं पान निकालात काढलं. शिखर म्हणजे काय, तर पदार्थ त्या तरंगलांबीला सगळ्यांत अधाशीपणे गिळतो. अधाशीपणे गिळतो म्हणजे पहिल्याच थरात गिळतो. आत काही पोहोचतच नाही. मी शिखर जुळवलं होतं म्हणजे सगळी उष्णता शीटच्या कातडीवर ओतायची व्यवस्था केली होती. आत जायचं तर ती उष्णता वहनाने, एका रेणूकडून दुसऱ्याकडे, रांगत जाणार. प्लॅस्टिकमध्ये हे रांगणं किती वेळ घेतं याचा अंदाज मी आजही बोटांवर करते: जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, दहाने गुणा, तितके सेकंद. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याला सेकंदाचा दहावा भाग. एका मिलिमीटरला दहा सेकंद. दोन्ही बाजूंनी तापवल्यावर शीटचं मध्य ३ मिलिमीटरवर, तिथपर्यंत दीड मिनिट. आणि माझ्या शीटच्या कातडीला धूर यायला तेवढा वेळ लागत नव्हता.

वर्ग लक्षात घ्या. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट होतो. त्यामुळे पातळ आणि जाड हे एकाच प्रश्नाचे दोन आकार नाहीत, ते दोन वेगळेच प्रश्न आहेत. पातळ थरात उष्णता कुठे शोषली गेली याला फारसा अर्थ नाही, क्षणात ती सगळीकडे पसरते. तिथली चिंता उलटी असते, किरण न थांबता आरपार निघून जाण्याची. म्हणून तिथे शिखर जुळवणं बरोबर. जाड वस्तूत नेमकं शिखर टाळायचं आणि उताराला यायचं, जिथे पदार्थ थोडं गिळतो आणि थोडं आत सोडतो. कॅटलॉगमधलं वाक्य खोटं नव्हतं. ते पातळ वस्तूंचं वाक्य होतं आणि मी ते जाड शीटला लावलं.

काकांकडे यावर तोडगा आधीपासून होता, मी विचारलं नव्हतं इतकंच. जुन्या लाइनवर ते हीटर मध्येच बंद करायचे, थोडं थांबायचे, परत चालू करायचे. "तिला मुरू द्यायचं," म्हणायचे. मला ते जुन्या यंत्राचे चोचले वाटत होते. आता त्यातलं मुरणं मला सेकंदांत मोजता येत होतं. आम्ही तसा कार्यक्रम लावला: तापव, थांब, तापव. शीट फाटायची थांबली. फक्त दर शीटमागे लागणारा वेळ बराच वाढला, आणि वेळ वाढला की वरून विचारणा होते.

मग हॅलोजन आले. १.२ मायक्रॉनला नैसर्गिक पॉलिप्रॉपिलिन फारसं अधाशी नसतं. किरण आत शिरत जातात आणि वाटेत थोडे थोडे शोषले जातात. कडेने पाहिल्यावर ती पांढरी रेघ बारीक आणि फिकट होत गेली. वेळही आटोक्यात आला. अंगठ्याची नळी त्याच आठवड्यातली.

एक महिना मी खुशीत होते. मग काळ्या शीटची ऑर्डर आली.

काळी म्हणजे कार्बन ब्लॅक, काजळीसारखी काळी पूड, घातलेली. कार्बन ब्लॅकला कुठलीच तरंगलांबी वर्ज्य नाही. शॉर्टवेव्ह काय, लाँगवेव्ह काय, सगळं पहिल्याच थरात खलास. हॅलोजनखाली काळी शीट सिरॅमिकपेक्षाही लवकर धुरावली, कारण दिवे जास्त जोरदार होते. तरंगलांबी निवडायचा जो काही अधिकार आपल्या हातात असतो तो अशा वेळी काढून घेतला जातो. परत 'तापव, थांब, तापव'. काका तेव्हा काही बोलले नाहीत. हसले मात्र.

यातून एक गोष्ट कळली. शॉर्टवेव्हला रंग दिसतो. लाल, पिवळा, पांढरा हे त्याला बऱ्याच अंशी वेगवेगळे वाटतात, कारण तो दृश्य प्रकाशाच्या शेजारी राहतो. छापील कागद हॅलोजनखाली वाळवताना काळी शाई करपते आणि शेजारची पिवळी ओलीच राहते, ते याचमुळे. ३ मायक्रॉनच्या पलीकडे गेलं की रंगांचा भेद बहुतेक मिटतो. तिथे पांढरा रंगसुद्धा काळ्यासारखाच वागतो. आपल्या डोळ्यांना 'पांढरं' वाटणं ही अगदी छोट्या पट्टीतली गोष्ट आहे.

शिखराचा खरा उलगडा मात्र मला नंतर झाला, आणि तो विल्यम हर्शलमुळे. युरेनस शोधणारा हाच. १८०० साली तो सूर्य पाहण्यासाठी रंगीत काचा वापरत होता आणि त्याच्या लक्षात आलं की काही काचांतून उजेड कमी येतो पण ऊब जास्त लागते, आणि काहींचं उलट. म्हणजे हासुद्धा तरंगलांबीच निवडायला बसला होता. त्याने लोलकातून सूर्याचा वर्णपट पाडला, काळे केलेले तापमापक एकेका रंगात ठेवले. जांभळ्याकडून लालकडे जाताना पारा चढत गेला. आणि लालच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे सगळ्यांत जास्त चढला. अवरक्त किरण सापडले ते असे.

यात गंमत अशी की सूर्याच्या प्रकाशाचं शिखर खरं म्हणजे हिरव्याच्या आसपास आहे. मग हर्शलला ते लालच्या पलीकडे का सापडलं? कारण लोलक सगळ्या तरंगलांब्या सारख्या अंतरावर पसरवत नाही. जांभळी बाजू ताणतो आणि लाल बाजू दाटीवाटीने कोंबतो. तापमापकाच्या फुग्याखाली तिकडे जास्त पट्टा येत होता. शोध खरा होता, शिखराची जागा मात्र मोजपट्टीची होती.

हे वाचून मी माझ्या जुन्या पानाकडे गेले. ८५३ केल्विनचा दिवा, शिखर ३.४ मायक्रॉन. हाच आलेख तरंगलांबीऐवजी वारंवारतेवर काढला तर शिखर कुठे येतं? ६ मायक्रॉनच्या जवळ. दिवा तोच, उष्णता तीच, फक्त आडवा अक्ष बदलला आणि शिखर जवळपास दुप्पट लांब सरकलं. मग मी अक्षावर अवलंबून नसलेली गोष्ट मोजली, उष्णतेची बेरीज. आदर्श दिव्याची फक्त २५ टक्के उष्णता वीनच्या शिखराच्या अलीकडे असते, उरलेली ७५ टक्के पलीकडे. माझ्या सिरॅमिकची निम्मी उष्णता तर ४.८ मायक्रॉनच्याही पुढे होती. आणि ज्या कार्बन-हायड्रोजन पट्ट्यासाठी एवढा अट्टहास केला, ३.३ ते ३.६, त्यात किती पडत होती? शंभरातले जेमतेम ६ भाग. मी दोन सुया एकमेकींच्या टोकावर उभ्या केल्यात असं मला वाटत होतं. त्यातली एक सुई नव्हतीच, ते लांबलचक टेकाड होतं.

आणखी एक भ्रम याच टेकाडावर जिरला. दोन दिवे, एक कमी तापलेला, एक जास्त. आपल्याला वाटतं कमी तापलेला दिवा लांब तरंगलांबीला 'जास्त' देतो. नाही देत. तितक्याच क्षेत्रफळाचा जास्त तापलेला पृष्ठभाग प्रत्येक तरंगलांबीला जास्तच देतो. दोन तापमानांचे आलेख एकमेकांना कुठेही छेदत नाहीत. आणि एकूण उष्णता तर तापमानाच्या चौथ्या घातात वाढते: माझं सिरॅमिक फार तर चौरस मीटरला ३० किलोवॅट देणार, आणि टंगस्टनची तार तिच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरला ६०० किलोवॅटच्या वर. तार केसासारखी बारीक म्हणून तिला ते परवडतं. तेव्हा कोण 'जुळतं' हा प्रश्न वॅटला वॅट लावून विचारायचा. जागा अडचणीची असेल तर न जुळणारा पण जोरदार दिवा जुळणाऱ्या मवाळ दिव्याला सहज मागे टाकतो.

याच चौथ्या घातामुळे रेग्युलेटर फिरवून तरंगलांबी बदलता येईल ही आशाही सोडावी लागते. हॅलोजनची शक्ती निम्मी केली तरी शिखर १.१७ वरून १.३९ पर्यंतच सरकतं. ते २.४ पर्यंत न्यायचं म्हटलं तर दिव्यात मूळ शक्तीच्या साडेपाच टक्केच उरतात. शिवाय फार मंद ठेवला तर नळी पुरेशी गरम राहत नाही, उडालेलं टंगस्टन परत तारेवर आणणारं आतलं हॅलोजनचं चक्र बंद पडतं आणि टंगस्टन नळीच्या भिंतीवर काळं बसू शकतं. तरंगलांबी बदलायची तर दिवाच बदलावा लागतो. हे मी एका नवीन विक्रेत्याला समजावून सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे जरा रागानेच पाहिलं.

पाण्याचंही थोडं सांगते, कारण वाळवण्याच्या कामात सगळे त्याचंच शिखर गिरवत असतात. २.९ मायक्रॉनचा किरण पाण्यात एक मायक्रॉनच्या आत संपतो. १.९ ला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास जातो, १.४५ ला एक तृतीयांश मिलिमीटर. कागदावर दहा मायक्रॉनचा ओला थर असेल तर मीडियमवेव्ह अगदी योग्य, कारण शॉर्टवेव्ह त्या थरातून न ओळखल्यासारखा निघून जाईल आणि खालचा कागद तापवेल. पण प्रत्यक्षात अशा लाइनवर निवड बहुतेकदा वेगळ्याच गोष्टीवरून होते. लाइन थांबली तर काय? हॅलोजन एका सेकंदात विझतो. मीडियमवेव्हची नळी मिनिटभर धगधगत राहते, आणि तिच्याखाली अडकलेला, आता पाणी नसलेला कागद तेवढ्यात तपकिरी होतो, कधी पेट घेतो. म्हणून मध्ये पडदा टाकायची किंवा दिवे बाजूला झुलवायची व्यवस्था लागते. ती नसेल तर आलेख कितीही जुळो, मी मीडियमवेव्ह बसवू देत नाही.

चकचकीत धातूंबद्दल एवढंच: लांब तरंगलांबीला ते आरशासारखे वागतात. ॲल्युमिनियमवर सिरॅमिकचा हीटर रोखणं म्हणजे समोरच्या भिंतीला तापवणं. त्यावर रंगाचा थर आला की गोष्ट बदलते.

शिखर टाळण्याचं सगळ्यांत देखणं उदाहरण म्हणजे पेट (PET) प्लॅस्टिकच्या बाटल्या. फुगवायच्या आधी बाटली जाड भिंतीच्या परीक्षानळीसारखी असते, तिला प्रीफॉर्म म्हणतात. भिंत ३-४ मिलिमीटर. ती साधारण १०० अंशांना आतून-बाहेरून सारखी तापली पाहिजे. बाहेरची बाजू जास्त तापली की तिथे स्फटिक धरतात आणि बाटली धुरकट होते. म्हणून पेट जिथे बऱ्यापैकी पारदर्शक आहे तिथले हॅलोजनचे किरण वापरतात, प्रीफॉर्म स्वतःभोवती फिरवत दिव्यांसमोरून नेतात, आणि त्याच वेळी तिच्यावर गार हवा सोडतात. तापवायची यंत्रणा आणि गार करायची यंत्रणा, दोन्ही एकाच वस्तूवर, एकाच क्षणी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी पंखा चुकून चालू ठेवलाय. किरण आत शिरून भिंतीच्या पोटात उष्णता ठेवतात, आणि कातडीवर साचणारी जास्तीची ऊब हवा पुसून नेते. हे सुचलं त्याला कुणीतरी आधी कडेने बघायला सांगितलं असणार.

परवा आमच्याकडे नवीन आलेली इंजिनिअर माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आली. दोन आलेख, एकावर एक. शिखराभोवती तिने लाल वर्तुळ काढलं होतं आणि बाजूला दिव्याचं तापमान लिहिलं होतं, दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत. पान सुंदर होतं. मी एकच विचारलं, "जाडी किती आहे ग?"

"पाच मिलिमीटर," ती म्हणाली. मग जरा थांबून, "ड्रॉइंगवर पाच आहे."

"मोजलीस?"

ती मायक्रोमीटर घेऊन खाली गेली. वीस मिनिटांनी आली तेव्हा हातात चिठ्ठी होती, शीटच्या चार कोपऱ्यांचे चार आकडे. ४.८, ५.१, ५.०, ५.६. ती चिठ्ठीकडे बघत होती, आणि मी खणातली नळी शोधत होते.